विसण

परवा फोनवर नातीला ‘विसण’ हा शब्द सांगितला. तिनं तो दोनदा म्हणवून घेतला आणि मग विचारलं, “म्हणजे नक्की काय गं आजी?” कढत पाण्यात बेतानं घातलेलं गार पाणी, अशी मी मास्तरणीला शोभेल अशी व्याख्या केली. पण व्याख्येत तो ‘बेत’ कुठे येतो! आमच्या लहानपणी बंबातलं पाणी घंगाळात काढायचं आणि त्यात विसण घालायचं, हे काम आईचं. आम्हा पोरांना बंबाच्या तोटीला हात लावायची मुभा नव्हती. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई पाण्यात बोटं घालून बघत नसे, कोपर बुडवून बघायची. कामानं तळहात निबर झालेले असतात, ते खोटं बोलतात. कोपराची कातडी खरं सांगते.

तर मंडळी, गेले तीन-चार महिने आमच्या घरात या विसणावरच खल चालला होता. आता विषय वाचून हसू नका. नळ निवडायला चार महिने लागतात का, असं मलाही आधी वाटायचं. पण लागले खरे.

झालं असं की गेल्या एप्रिलमध्ये ह्यांच्या डाव्या पायावर फोड आला. रात्री पायमोजे काढताना मला दिसला, चांगला बोटभर लांब. “हे काय?” म्हटलं तर ह्यांनाच पत्ता नाही. सकाळी आंघोळीला बादली लावताना सोलरच्या नळाचं पाणी पावलावर उडालं असणार, एवढाच अंदाज. ह्यांना मधुमेह होऊन सव्वीस वर्षं झाली. पावलांची संवेदना हळूहळू जाते हे डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलेलं. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. पण भाजलेलं कळणार नाही, हे असं समोर आलं की पोटात गोळा येतो. मधुमेहाची जखम ती. सात आठवडे ड्रेसिंग चाललं. डॉक्टर म्हणाले, “काका, नशीब समजा, यावर निभावलं. पाण्यात पाय घालायच्या आधी कोपरानं बघत जा.” घ्या! म्हणजे बाळाचाच नियम पंचाहत्तरीनंतर परत.

या सगळ्यातली गंमत (गंमत म्हणायची का?) अशी, की ह्यांनी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात केली. कालव्याचा विसर्ग, पाण्याचा दाब, गेट किती इंच उचलायचं, हे सगळं ह्यांच्या बोटांवर. पाण्याशी इतकी वर्षं घालवलेला माणूस, आणि ते पाणी पायाला कढत लागतं आहे की गार, हे सांगता येऊ नये.

मूळ कारण शोधायला गेलो तर ते गच्चीवर सापडलं. आमचं घर सांगलीत, तळमजला आणि वर एक मजला. सोलर बसवला २००९ साली, दोनशे लिटरचा. तेव्हा घरात सासूबाई, मुलगा, सूनबाई, नातवंडं, आणि बाळंतपणाला आलेली लेक. सकाळी नऊनंतर आंघोळीला गेलं तर कोमट पाणीसुद्धा मिळायचं नाही, त्यावरून भांडणं व्हायची. आता घरात आम्ही दोघं. दोनशे लिटरपैकी चाळीस-पन्नास लिटर जेमतेम वापरतो. उरलेलं पाणी टाकीतच राहतं आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन त्यात पुन्हा भर घालतं. ह्यांनी थर्मामीटर आणून मे महिन्यात सकाळी सात वाजता मोजलं. नळाला ६८ अंश! रिकाम्या घराचं पाणी जास्त तापतं, हे काही मी पुस्तकात वाचलं नव्हतं.

आता ६८ अंश म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही हे नव्यानं कळलं. ४९ अंशांच्या पाण्यानं धडधाकट माणसाची कातडी गंभीर भाजायला पाच-एक मिनिटं लागतात. ६० अंशांना तेच काम पाच-एक सेकंदांत होतं. अकरा अंशांचा फरक, आणि मिनिटांचे सेकंद होतात. म्हाताऱ्यांची आणि लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना तेवढाही अवधी मिळत नाही. आपण शाळेत मुलांना ‘उकळतं पाणी शंभर अंश’ एवढंच शिकवलं आणि ‘भाजतं पाणी’ किती अंशांना, ते कुणी विचारलंच नाही.

मुलांचे फोन सुरू झाले. पुण्याहून मुलगा म्हणाला, “बाबांना आंघोळीला बसवलं की पाणी तू काढून देत जा.” लेक लीड्सला असते. ती म्हणाली, “कडी लावायची नाही, बास.” दोघांचंही चुकीचं नव्हतं. मी दोन-तीन आठवडे पाणी काढून दिलंही. बादलीत विसण घालून, कोपर बुडवून, मग “या” म्हणून हाक मारायची. हे काही बोलायचे नाहीत, मुकाट्यानं यायचे. जेवणातसुद्धा गप्प. एके दिवशी मी बाहेर यायच्या आत म्हणाले, “अगं, मला आंघोळ घालायची वेळ येईल तेव्हा येईल. तुला सांगेन मी. आज आलेली नाही.”

मी त्यावर काही बोलले नाही. सासऱ्यांना शेवटची दोन वर्षं ह्यांनीच आंघोळ घातली होती. कशाला नको म्हणत होते ते मला चांगलं माहीत होतं.

तेव्हा लेकीनं थर्मोस्टॅटिक मिक्सरचा विषय काढला. मी तिच्याकडे दोनदा जाऊन आले आहे, तिच्या न्हाणीघरातली ती आडवी चकचकीत दांडी मी पाहिली होती. एका टोकाला पाणी कमी-जास्त करायची मूठ, दुसऱ्या टोकाला अंशांचे आकडे लिहिलेली मूठ. आकड्यावर लावायचं आणि विसरायचं. तिकडे याबाबत कायदाच आहे. इंग्लंडमध्ये २०१० पासून नव्या बांधलेल्या घरांत आंघोळीच्या टबाला येणारं पाणी ४८ अंशांच्या वर जाऊ नये अशी सोय करावी लागते. आपल्याकडे गीझरवर आय.एस.आय.चा शिक्का आपण बघतो, पण नळातून शेवटी किती अंशांचं पाणी अंगावर पडतं याची चौकशी कुणी करत नाही.

हे यंत्र चालतं कसं, ते मला समजून घ्यायचंच होतं. बी. ए. मराठी असले म्हणून काय झालं! मला वाटलं होतं आत वीज, बॅटरी, काहीतरी इलेक्ट्रॉनिक असेल. काही नाही. आत मेणाची एक बारीक कुपी. साध्या मिक्सरात आपण गरम आणि गार किती सोडायचं ते ठरवतो, पण मागून येणारं पाणी बदललं की आपला अंदाज कोलमडतो. इथे मिसळलेलं पाणी त्या कुपीवरून वाहतं. पाणी जास्त गरम झालं की मेण फुगतं, एक दट्ट्या पुढे सरकतो, गरम पाण्याची वाट अरुंद होते आणि गार पाण्याची रुंद. पाणी निवलं की मेण आकसतं, स्प्रिंग दट्ट्या मागे ढकलते. झालं. मोटारीच्या इंजिनात रेडिएटरचा जो थर्मोस्टॅट असतो त्यातही असंच मेण. सर्जियस व्हर्नेट नावाच्या गृहस्थानं १९३०च्या दशकात अमेरिकेत ही युक्ती काढली. म्हणजे विसण घालणारी बाईच आत बसवली आहे, ती क्षणोक्षणी कोपर बुडवून बघते आहे!

आणि मुख्य गोष्ट. गार पाणी मध्येच बंद पडलं तर ही कुपी गरम पाण्याची वाटही बंद करते. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला, टाकीतलं पाणी संपलं, की खालच्या माणसाच्या अंगावर निव्वळ कढत पाणी येतं, हे कुणी अनुभवलेलं नाही?

मग दुकानं पालथी घालणं सुरू झालं. सांगलीत दोन, कोल्हापुरात एक. कोल्हापूरच्या शोरूममधला मुलगा फार उत्साही. त्यानं आम्हाला छताएवढा रेन शॉवर दाखवला, भिंतीतून चहूबाजूंनी फवारे येतात ते दाखवलं, आंघोळ करता करता रंग बदलणारे दिवे दाखवले. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “याला कमीत कमी दाब किती लागतो?” पोरगा गडबडला. “काका, प्रेशर पंप बसवून घ्या ना, सगळे घेतात.”

इथून पुढे सूत्रं ह्यांच्या हातात गेली आणि घरातलं वातावरण निवळलं. रात्री जेवण झाल्यावर जुनी वही निघाली. पाण्याची उंची दहा मीटर असेल तर दाब साधारण एक बार. आमच्या गार पाण्याची टाकी सोलरच्याही वर लोखंडी घोडीवर आहे. न्हाणीघराच्या फरशीपासून टाकीचा तळ साडेआठ मीटर. मिक्सर फरशीपासून एक मीटरवर. उरले साडेसात मीटर, म्हणजे पाऊण बार. जुन्या लोखंडी पाइपांतून येताना त्यातला काही खर्ची पडणार, म्हणून हातात येईल ०.६ धरा. आता पेट्यांवरचे बारीक आकडे वाचायचे. बऱ्याच मॉडेलांवर किमान दाब १ बार लिहिलेला असतो. तिकडच्या नव्या घरांत तेवढा दाब सहज असतो. काहींवर ०.५ असतो. लेकीनं सांगितलं, तिकडेही जुन्या घरांत माळ्यावर टाकी असते आणि दाब आपल्याइतकाच रडका असतो, त्यांच्यासाठी ०.१ किंवा ०.२ बारवर चालणारे प्रकारही मिळतात. म्हणजे दाब कमी म्हणून हे आपल्याकडे चालतच नाही, ही दुकानदारांची समजूत चुकीची. योग्य आकडा असलेलं मॉडेल घ्यावं लागतं, एवढंच.

पंपाला ह्यांनी साफ नकार दिला, आणि कारण पटण्यासारखं होतं. आमची सोलरची टाकी उघड्या श्वासनळीची, दाब सहन न करणारी. पंप लावायचा तर फक्त गार पाण्यालाच लावता येणार. मग गार पाणी जोरात आणि गरम पाणी संथ. दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा असला तर ही कुपी सुखानं काम करते, फार विषम असला तर तिची ओढाताण होते. आमच्या घरी दोन्ही पाणी एकाच टाकीतून उतरतं, त्यामुळे दाब आपोआप सारखा. ज्यांच्याकडे गार पाणी थेट नगरपालिकेच्या नळाचं आणि गरम गच्चीवरचं, त्यांनी आधी हे बघावं, मग पैसे खर्च करावेत.

मुलाचं म्हणणं वेगळं होतं. नळ बदलूच नका, सोलरमधून खाली येणाऱ्या पाइपवरच मिश्रण करणारा व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे सगळ्या घरालाच ४५ अंशांच्या आतलं पाणी मिळेल. खर्चही कमी. सूचना चांगली होती. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत आणि गरम पाण्याचे चार-पाच नळ आहेत त्यांनी तेच करावं असं मी म्हणेन. आमच्याकडे वरचा मजला बंदच असतो, गरम पाणी एका न्हाणीघरात लागतं. शिवाय गच्चीवरच्या पाइपमधला व्हॉल्व्ह कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो. तो बिघडला तर आम्हाला कळणार कसं? ह्यांना आकडा समोर दिसायला हवा होता. कातडीनं सांगायचं सोडलं म्हणून डोळ्यांनी बघायचं.

लेक म्हणाली, मी इथूनच पाठवते. ते मात्र मीच नको म्हटलं. क्षारांचं पाणी आपलं. आमच्याकडे बोअरचं पाणीही टाकीत पडतं, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर किती चढतो ते ठाऊक आहे. आज ना उद्या आतलं कार्ट्रिज बदलावं लागणारच. ते लीड्सहून मागवत बसायचं का? कार्ट्रिज इथे मिळेल, अशी कबुली दुकानदाराकडून घेऊनच वस्तू ठरवली. पेटीवर दुसराही एक आकडा असतो, येणारं गरम पाणी जास्तीत जास्त किती अंशांचं चालेल. आमच्या पेटीवर तो ८० होता, आणि ६५ च्या आत असलेलं बरं, असंही लिहिलेलं होतं. म्हणून ह्यांनी मार्च ते जून सोलरच्या निम्म्या नळ्यांवर गोणपाट टाकायचं ठरवलं आहे. उलट पावसाळ्यात सोलरचं पाणी जेमतेम कोमट असतं, तेव्हा कुठलाही मिक्सर काही करू शकत नाही. आत येणारं पाणी हव्या त्या तापमानापेक्षा दहा-एक अंश तरी जास्त हवं. त्यासाठी गीझर पुढे जोडलेला आहेच.

शेवटचा वाद झाला शॉवर की बादली. ह्यांना शॉवर आवडत नाही. “पाणी अंगावर ओतून घेतल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही.” तांब्या हवाच. मुलं म्हणत होती, खुर्चीवर बसून हातातला शॉवर घ्यायचा, वाकायला नको. मला दोघांचंही पटत होतं. मग असा प्रकार सापडला की ज्याला खाली बादलीसाठी तोटी आहे आणि वर हातशॉवरची नळीही आहे, दोन्हीला पाणी त्याच मेणाच्या कुपीतून. दुकानात हा कोपऱ्यात ठेवलेला होता, कारण नव्या घरांत तो कुणी मागत नाही म्हणे. किंमत साध्या वॉल मिक्सरच्या जवळजवळ चौपट. सात आठवड्यांच्या ड्रेसिंगचा हिशेब माझ्या डायरीत होता, तो मी घासाघीस करताना मनातल्या मनात बाजूला मांडला आणि गप्प बसले.

भिंतीतले सांधे आणि नवा मिक्सर यांचं अंतर जुळलं. दोन्ही सांध्यांच्या मध्यांतलं अंतर १५० मिलिमीटर, आमच्या जुन्या वॉल मिक्सरचंही तेवढंच. त्यामुळे फरशा फोडाव्या लागणार नव्हत्या. पण प्लंबरनं जुना काढला आणि हे म्हणाले, “थांब. गरम उजवीकडून येतंय.” हे यंत्र डावीकडे गरम, उजवीकडे गार असंच बसतं. उलट जोडलं तर मेणाची अक्कलही उलटी चालते. साध्या मिक्सरमध्ये कुणाला काही फरक पडला नव्हता, घर बांधल्यापासून आम्ही उजवीकडचा नळ गरम म्हणून वापरत आलो. सुदैवानं पाइप बाहेरच्या भिंतीवरून उघडे उतरतात. प्लंबरनं तिथेच अदलाबदल केली. अर्धा दिवस जास्त गेला, मी त्याला दोनदा चहा आणि एकदा भडंग दिलं.

मुठीवर ३८ च्या आकड्याशी एक लाल बटण आहे. ते दाबल्याशिवाय मूठ पुढे फिरत नाही. ते बटण अंगठ्याला लागतं, चष्मा नसला तरी कळतं. आणि दाबून पुढे नेलं तरी कुठपर्यंत जाईल, त्याचीही एक कडी आत असते. ती ह्यांनी ४१ वर अडवून घेतली. थर्मामीटर धरून तपासलं तर मुठीवर ३८ असताना पाणी साडेसदतीस. अर्ध्या अंशाचा फरक वहीत लिहिला गेला. मग हे बाहेर गेले आणि गार पाण्याचा कॉक बंद केला, मला म्हणाले, “हात नको घालूस, नुसतं बघ.” दोन-तीन सेकंदांत तोटीची धार बारीक झाली, मग ठिबकली, मग थांबली. कॉक उघडला, धार परत आली. हा प्रयोग त्यांनी तीन वेळा केला. प्लंबरही बघत उभा होता. तो म्हणाला, “काका, असलं मी पण पहिल्यांदाच बसवलं.”

मुलांशी तह झाला तो असा. कडी लागेल, पण आता तिथे बाहेरून नाण्यानं उघडता येणारी कडी आहे. बादली हे स्वतः लावतील. आणि मी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहायचं नाही. (हे शेवटचं कलम ह्यांनी घातलं. मी स्वयंपाकघरात असते. तिथून तांब्याचा आवाज येतो, तो मी ऐकते. तहात त्याबद्दल काही म्हटलेलं नाही.)

देखभाल म्हणाल तर दोन गोष्टी. महिन्यातून एकदा तापमानाची मूठ पूर्ण गारपासून गरमपर्यंत दोन-चार वेळा फिरवायची, नाही तर क्षारांनी आतला दट्ट्या चिकटून बसतो. आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्या काढून धुवायच्या, थर जाड असला तर व्हिनेगरमध्ये भिजवून. आमच्या लोखंडी पाइपांमुळे जाळ्यांत गंजाचे कणही निघतात. पहिल्यांदा उघडल्या तेव्हा चमचाभर निघाले, ते ह्यांनी मुलाला दाखवायला कागदाच्या पुडीत ठेवले आहेत. पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिली आहे, एकादशीच्या शेजारी.